पडक्या शिलाकोष्ठाची नोंद कशी घ्यायची: टेप, ओळंबा आणि हात खिशात

कोल्हापुरातून गोकाकचा धबधबा बघायला जाणारे पुष्कळ, पण धबधब्याशेजारच्या कोन्नूरला महापाषाणी काळातले, म्हणजे मोठमोठे दगड रचून दफनं करणाऱ्या लोकांच्या काळातले, शिलाकोष्ठ आहेत हे ठाऊक असणारे थोडे. उभ्या फरश्यांच्या भिंती, वर एक आडवी फरशी आणि आत माणूस वाकून मावेल एवढी पोकळी, म्हणजे शिलाकोष्ठ. इंग्रजी वळणाने त्याला डॉल्मेन म्हणतात. जरा लांब गेलात तर ऐहोळेला मेगुती मंदिराच्या मागच्या टेकाडावर आणि कोप्पळ जिल्ह्यात हिरेबेनकलच्या डोंगरावर अशा कोठ्या गटागटाने दिसतात. हिरेबेनकलच्या डोंगराला गावकरी ‘मोरेर गुड्ड’ म्हणतात. आपल्याकडे असं काही दिसलं की ते पांडवांचं घर ठरतं.

ही रचना घर म्हणून बांधलेली नाही. ती दफनासाठी आहे. बहुतेक वेळा मृताचं शरीर आधी दुसरीकडे ठेवून उरलेली थोडी हाडंच आत आणलेली असत, सोबत मडकी आणि लोखंडाच्या वस्तू. त्यातलं बरंचसं आता लुटलं गेलंय किंवा कुजून गेलंय. तरीही पडका शिलाकोष्ठ निरुपयोगी नसतो, कारण कुठला दगड कुठे आणि कसा पडला आहे, हीच त्याची उरलेली कागदपत्रं असतात. एक फरशी ‘नीट’ करून ठेवली की त्यातलं एक पान फाटतं. म्हणून या कामात काहीही न हलवता सगळं कागदावर आणायचं असतं.

आधी दगड ओळखा, मग कोठी शोधा

शोधाची सुरुवात भूगर्भापासून करा. कोल्हापूर शहर आणि पंचगंगेचं खोरं बेसॉल्टवर बसलेलं आहे, आणि पन्हाळ्याच्या बाजूच्या पठारांवर जांभा आहे. बेसॉल्ट फोडला की गोटे आणि ओबडधोबड तुकडे निघतात, सरळ पातळ फरशी क्वचितच मिळते. घटप्रभेच्या बाजूला उतरलात की कलादगी वालुकाश्म लागतो. तो थराथराने उकलतो, पाचर मारली की फरशी सुटते. म्हणून कोठ्या वालुकाश्माच्या आणि त्यापुढे ग्रॅनाइटच्या मुलखात. नागपूरजवळच्या जुनापाणीला, बेसॉल्टच्या प्रदेशात, कोठ्यांऐवजी गोट्यांची शिलावर्तुळं आहेत. ती एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने खणली होती. बेसॉल्टच्या माळावर तुम्हाला चार फरश्यांची कोठी दिसली तर आधी ती महापाषाणी नाही असंच धरून चाला आणि उलटं सिद्ध होतं का ते बघा.

आपल्या भागात फसवणारे प्रकार बरेच आहेत. सगळ्यांत जास्त फसवते ती घुमटी: म्हसोबा किंवा बिरोबासाठी तीन फरश्या उभ्या करून वर चौथी टाकलेली. वीरगळ आणि सतीशिळांवरही असं छप्पर घालतात. घुमटीची पुढची बाजू पूर्ण उघडी असते, फरश्यांवर छिन्नीचे नियमित घाव असतात, आत शेंदराचा किंवा तेलाचा थर असतो. त्याखेरीज मेंढ्यांच्या वाड्याची गोल रचलेली भिंत, रान साफ करताना बांधाला लावलेली दगडांची रास, जुन्या मोरीवरच्या फरश्या आणि मोजणीसाठी डोंगरमाथ्यावर रचलेला दगडी बुरूज, हे सगळं लांबून ‘प्राचीन’ दिसतं. जांभ्याच्या सड्यावर कडा झिजून तयार झालेली नैसर्गिक कपारही चटकन कोठीसारखी भासते.

खऱ्या शिलाकोष्ठात बहुधा चारी बाजू बंद असतात. एखाद्या फरशीत, बऱ्याचदा पूर्वेच्या, गोल किंवा अर्धगोल भोक पाडलेलं असतं, मोठ्या ताटाएवढं. फरश्यांची मांडणी बघा. बऱ्याचदा चारही फरश्या कोपऱ्यात टोकाला टोक लावून उभ्या नसतात, प्रत्येकीचं एक टोक शेजारचीच्या पुढे निघालेलं असतं. वरून पाहिलं तर स्वस्तिकासारखी रचना दिसते. हे नक्षीसाठी केलेलं नाही. बाहेरून दगडगोट्यांची भर टाकलेली असते, ती फरश्यांना आत ढकलते. प्रत्येक फरशी शेजारचीवर रेलल्यामुळे ती आत कोसळत नाही, आणि वरची छतशिळा वजनाने सगळ्यांना दाबून धरते. कोठीभोवती दगडांचं वर्तुळ असेल, शंभर-दोनशे पावलांत अशाच आणखी रचना असतील, जवळच्या कातळावर फरश्या काढल्याच्या खुणा असतील, तर पारडं तुमच्या बाजूने झुकलं.

कोठी जमिनीखाली असेल तर तिला शिलापेटी म्हणतात. वर दिसतात फक्त चार फरश्यांच्या कडा, जमिनीतून बोटभर वर आलेल्या. ‘थोडी माती बाजूला करून बघू’ हा मोह इथेच होतो. कडा जेवढ्या दिसतात तेवढ्याच मोजा.

कधी जायचं, काय न्यायचं

पावसाळ्यात जाऊ नका. दिवाळीपर्यंत गवत कमरेएवढं असतं, दगड दिसत नाहीत. फेब्रुवारी-मार्च उत्तम, गवत वाळून आडवं झालेलं असतं. वणव्यानंतर जमीन अगदी स्वच्छ दिसते, पण काजळीमुळे दगडाचा रंग आणि त्यावरचं दगडफूल कळत नाही, तेवढं नोंदवा.

सामान स्वस्त आहे आणि निम्मं गवंड्याकडे मिळतं: 30 मीटरची कापडी किंवा फायबरची टेप, 5 मीटरची लोखंडी टेप, ओळंबा, नायलॉनची दोरी, पाण्याची पारदर्शक नळी 10 मीटर, चार खुंट्या, होकायंत्र, आलेख कागद, 2 एच पेन्सिल, खोडरबर, क्लिपबोर्ड. फोटोसाठी एक पट्टी करून घ्या: 50 सेंटिमीटरची लाकडी रिप, दर 10 सेंटिमीटरला काळा-पांढरा रंग. चकचकीत रंग नको, उन्हात चमकतो. बुटांची उंची घोट्याच्या वर हवी. दगडांच्या राशीत फुरसं आणि घोणस दोन्ही असतात, त्यामुळे भोकातून हात किंवा डोकं आत घालायचं नाही. आधी काठी आपटा, मग टॉर्च, मग मोबाइलचा कॅमेरा. छतशिळेखाली शिरणं तर नाहीच, ती कशावर टेकलीय हे बाहेरून सांगता येत नाही.

रानमालकाला आधी भेटा. ‘मामा, तुमच्या रानात पांडवांचं घर म्हणत्यात, असं काय हाय का?’ एवढं विचारलं तरी पुरतं. मेंढपाळ असेल तर त्याला नक्की विचारा, माळावरचा दगड न् दगड त्याच्या ओळखीचा असतो. सोनं, गुप्तधन हे शब्द चुकूनही तोंडातून काढू नका. तुम्ही गेल्यावर आठवड्याभरात तिथे खड्डा पडलेला असेल. जमीन वनखात्याची असेल तर त्यांची परवानगी लागते, राधानगरीसारख्या अभयारण्यात ती न घेता गेलात तर कामच थांबेल.

मोजमाप

पोहोचल्यावर लगेच टेप काढू नका. अर्धा तास चहूबाजूंनी फिरा, एक कच्ची आकृती काढा आणि प्रत्येक फरशीला क्रमांक द्या. पूर्वेपासून सुरू करून घड्याळाच्या दिशेने: फ1, फ2, फ3, फ4, छतशिळा छ. पडलेल्या, तुटलेल्या तुकड्यांना तु1, तु2. क्रमांक कागदावरच टाका. दगडावर खडू किंवा रंग लावायचा नाही, खडूची पूड वालुकाश्माच्या छिद्रांत जाते आणि वर्षानुवर्षं राहते.

स्थान मोबाइलवर घ्या. ॲप सुरू करून मोकळ्या जागी चार-पाच मिनिटं थांबा, अचूकतेचा आकडा 5 मीटरच्या खाली आला की नोंद करा. अक्षांश-रेखांश दशांशात लिहा, दशांशानंतर पाच आकडे. पाचवा आकडा म्हणजे साधारण 1 मीटर. त्यापुढचे आकडे मोबाइल दाखवतो, पण तेवढी अचूकता त्याच्यात नसते.

आता पायारेषा. कोठीच्या एका बाजूने, एक मीटर अंतर सोडून, दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणा आणि तिला लागून टेप पसरा. खुंटी वर्तुळाच्या आतल्या मातीत ठोकू नका, बाहेर ठोका. कातळ असेल तर खुंटीऐवजी वजनदार पिशवी ठेवा. फरशीचा प्रत्येक कोपरा ओळंब्याने जमिनीवर उतरवा आणि तिथून पायारेषेपर्यंतचं काटकोनातलं अंतर मोजा. काटकोन डोळ्याने धरू नका. गवंड्याचं 3-4-5 वापरा: रेषेवर 3 मीटर, बाजूला 4 मीटर, कर्ण 5 मीटर आला की काटकोन. अंतर कमी असेल तर दुसरी युक्ती: टेपचं शून्य कोपऱ्यावर धरून पायारेषेवर टेप पुढेमागे फिरवा, सगळ्यात कमी आकडा येतो तेच काटकोनातलं अंतर.

प्रमाण 1:20 ठेवा. जमिनीवरचा 1 मीटर कागदावर 5 सेंटिमीटर होतो आणि ए3 कागदावर साधारण 8 बाय 5 मीटरची जागा मावते. बाहेरचं वर्तुळ मोठं असेल तर ते वेगळ्या कागदावर 1:50 ने. नकाशा तिथेच, जागेवर काढा. ‘आकडे घेऊ, घरी जाऊन काढू’ म्हटलं की हमखास एखादा कोपरा कुठल्याच फरशीचा नसतो. दोघं असाल तर एका कोठीला तीन-चार तास धरा, एक मोजतो आणि दुसरा काढतो. मोजणाऱ्याने आकडा बोलायचा, काढणाऱ्याने तोच परत उच्चारायचा. वाऱ्यात ‘सात’ आणि ‘साठ’ एकसारखेच ऐकू येतात.

प्रत्येक फरशीची लांबी, दिसणारी उंची, जाडी, कल आणि कलाची दिशा लिहा. जाडी तीन ठिकाणी घ्या, कारण फरशी एकसारखी नसते. भोक असेल तर त्याचा आडवा आणि उभा व्यास, कडेची जाडी, आणि कड दोन्ही बाजूंनी ठोकलेली आहे की एकाच, हे बघा. छतशिळेचं वजन अंदाजे काढता येतं: 2.4 बाय 1.8 मीटर आणि 25 सेंटिमीटर जाड म्हणजे 1.08 घनमीटर. वालुकाश्म घनमीटरला साधारण 2.4 टन धरला तर अडीच टनांच्या वर. बेसॉल्ट असता तर तीन टनांच्या पुढे गेली असती. ‘चौघांत मिळून सरळ करू’ म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवा.

उंचीसाठी पाण्याची नळी. एक टोक ठरलेल्या खुणेवर, दुसरं मोजायच्या कोपऱ्यावर, पाणी स्थिर झालं की वाचा. नळीत एक जरी बुडबुडा राहिला तरी पातळी चुकते, म्हणून भरताना एका टोकाने सावकाश भरा आणि उन्हात नळी तापू देऊ नका.

वर्तुळाचा व्यास चार दिशांनी मोजा: उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम आणि दोन तिरपे. चारही सारखे येणार नाहीत आणि तसे यायलाही नकोत. सरासरी काढून कागदावर कंपासने गोल मारू नका. उत्तरेच्या दगडापासून क्रमांक द्या आणि प्रत्येकाचं मध्यापासूनचं अंतर व दिशा लिहा. जुनापाणीच्या काही दगडांवर वाटीसारखे खळगे आहेत. तसे दिसले तर त्यांची संख्या, व्यास, खोली आणि ओळ कुठल्या दिशेने जाते हे टिपा.

होकायंत्र खोटं बोलतं तेव्हा

बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकी खनिज असतं आणि वीज पडलेल्या कातळाच्या आसपास सुई भलतीकडे जाते. दगडाला टेकून दिशा घेतली तर दहा-वीस अंशांची चूक सहज होते, आणि मग कोणीतरी ‘कोठी अमुक नक्षत्राच्या उगवतीकडे रोखलेली’ असा निष्कर्ष काढतो. दगडापासून दोन-तीन मीटर मागे सरून दिशा घ्या. मग समोरच्या टोकाला जाऊन उलटी दिशा घ्या. दोन्हींत 180 अंशांचा फरक यायला हवा. दोन-तीन अंशांपेक्षा जास्त चूक आली तर कुठेतरी ओढ आहे, जागा बदला. मोबाइलच्या चुंबकी कव्हरने, कमरेच्या पट्ट्याच्या बकलने आणि लोखंडी टेपनेही हेच होतं. खात्री करायची तर सकाळचा सूर्य वापरा: उभ्या काठीच्या सावलीची दिशा आणि वेळ नोंदवा, घरी संगणकावर त्या वेळेचा सूर्याचा दिगंश (उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन) काढून ताडून बघा.

पडलं कसं ते वाचा

हे सगळ्यांत रंजक काम आहे आणि घाईत नेमकं हेच राहून जातं. छतशिळा कुठल्या बाजूला घसरलीय? ती आत पडली असेल आणि बाजूच्या फरश्या बाहेर कललेल्या असतील, तर बाहेरची दगडगोट्यांची भर कोणीतरी उचलून नेलीय, बहुधा बांधासाठी. आधार गेला, फरश्या फाकल्या, वरची खाली आली. एकच फरशी उपटलेली, आत खड्डा आणि खड्ड्याच्या एका बाजूला मातीचा उंचवटा असेल तर ते गुप्तधनवाल्यांचं काम. खड्ड्याचं माप आणि त्यात किती वाढलेलं झुडूप आहे ते लिहा, त्यावरून खणणं जुनं की नवं ते कळतं.

तुटीचा रंग बघा. वालुकाश्माची जुनी तूट करडी पडते, तिच्यावर दगडफूल चढतं. नवी तूट पिवळसर-तांबूस आणि स्वच्छ असते. तुटलेल्या कडेवर ओळीने पाचरींच्या खाचा असतील तर फरशी फोडून नेण्याचा प्रयत्न झालाय. आतल्या बाजूला पापुद्रे सुटलेले आणि काळपट डाग असतील तर कोणीतरी आत शेकोटी केलेली आहे, तापून दगडाचा पृष्ठ फुटतो. वड-पिंपळ-उंबराची मुळं सांध्यात शिरली असतील तर मुळाची जाडी आणि ते कुठल्या दोन फरश्यांमध्ये आहे ते टिपा, पण मूळ तोडू नका. कधीकधी तेच फरशी धरून असतं.

एखादी फरशी कमी भरत असेल तर आसपास फिरा. विहिरीची पायरी, घराचा उंबरा, ओढ्यावरचं पाऊलपूल, कपडे धुवायचा दगड: भोक असलेली अर्धी फरशी अशा ठिकाणी सापडू शकते.

फोटो आणि खापरं

प्रत्येक बाजूचा एक फोटो पट्टीसह, एक पट्टीशिवाय. खळगे आणि घाव टिपायला सकाळी कोवळ्या उन्हात किंवा तिन्हीसांजेला टॉर्च अगदी बाजूने मारून फोटो घ्या, समोरून मारला तर सगळं सपाट दिसतं. आतली भिंत ओली करून रंग उजळ करायचा प्रयत्न नको. अशा ठिकाणी गेरूची चित्रं असू शकतात, हिरेबेनकलच्या परिसरात ती आहेत.

फोटो संगणकावर जोडून त्रिमित (3D) प्रतिकृती करायची तर ढगाळ दिवस निवडा. दोन-तीन मीटरच्या कोठीला 80 ते 120 फोटो लागतात: कमरेच्या उंचीवरून एक पूर्ण फेरी, हात वर करून दुसरी, वाकून तिसरी. शेजारच्या दोन फोटोंत 70 टक्के भाग सामाईक हवा. झूम, वाइड लेन्स, पोर्ट्रेट मोड सगळं बंद. फसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे वाऱ्यात हलणारं गवत, आणि दुसरं म्हणजे फोटोत मिरवणारे मित्र. दोन पट्ट्या काटकोनात ठेवा, नाहीतर प्रतिकृती सुंदर होईल आणि तिचं माप कोणालाच कळणार नाही. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका.

पावसाने वर आलेली खापरं दिसतील. उचलायची नाहीत, आहे तिथे पट्टी ठेवून फोटो घ्या. महापाषाणी लोकांचं ओळखीचं भांडं काळं-तांबडं असतं: आतून आणि तोंडाशी काळं, बाहेरून खाली तांबडं, वर गुळगुळीत घोटलेलं. भांडं भट्टीत उपडं घालून भाजलं की आत आणि तोंडाशी हवा पोचत नाही, तेवढा भाग काळा राहतो. मात्र केवळ काळ्या-तांबड्या खापरावरून काळ ठरवू नका. अशी भांडी ताम्रपाषाण काळापासून (दगडासोबत तांबं वापरण्याचा काळ) सातवाहनांपर्यंत चालली. आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 मध्ये सांकळिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं ते प्रामुख्याने सातवाहनकालीन वस्तीचं. जाण्याआधी टाऊन हॉलच्या संग्रहालयात एक चक्कर मारून जुन्या वस्तूंवर नजर बसवून घ्या.

काळाच्या रकान्यात ‘3000 वर्षांपूर्वीचं’ असं ठोकून देऊ नका. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरने 1947 मध्ये कर्नाटकातल्या ब्रह्मगिरीच्या शिलापेट्यांना इ.स.पू. 200 च्या पुढचा काळ दिला होता. पुढे कार्बन-14 च्या तारखा आल्या आणि दक्षिणेतली महापाषाणी परंपरा इ.स.पू. 1000 आणि त्याही मागे गेली. तुमच्याकडे फक्त दगड आहेत. ‘महापाषाणी असावं, काळ अनिश्चित’ एवढंच लिहा.

कळवायचं कोणाला

गट क्रमांक तलाठ्याकडून घ्या, सातबारावर मालकी तपासा. कोल्हापूर जिल्ह्यातली जागा असेल तर राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला आणि तहसीलदारांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सीमेपलीकडची असेल तर कर्नाटकच्या पुरातत्त्व खात्याला किंवा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या धारवाड मंडळाला. अभ्यासकांचं मत हवं असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज.

जमिनीतून मौल्यवान वस्तू निघाली आणि तिची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल, तर 1878 च्या निखात निधी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावंच लागतं. दहा रुपये हा आकडा तेव्हाचाच आहे, म्हणजे आज व्यवहारात सगळंच कळवायचं. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे, त्यापुढच्या 200 मीटरपर्यंत ते नियंत्रित आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर स्मारकाला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संरक्षित नसलेल्या कोठीला हे कवच नसतं, म्हणून तिची नोंद लवकर होणं जास्त गरजेचं.

अर्जाला पाच गोष्टी जोडा: अक्षांश-रेखांश आणि गट क्रमांक, 1:20 चा नकाशा, क्रमांकासह फरश्यांचा तक्ता, आठ-दहा फोटो, आणि सध्याचा धोका एका वाक्यात (‘शेजारी जेसीबीने सपाटीकरण सुरू’, ‘आत ताजा खड्डा’). फोटोंच्या फायलींना तारीख, गाव आणि फरशीचा क्रमांक अशी नावं द्या, मोबाइलने दिलेले आकडे तसेच ठेवू नका. रीलवर टाकायचं असेल तर स्थान बंद करा, आणि मागे ओळखू येणारा डोंगर किंवा देऊळ फ्रेममध्ये येऊ देऊ नका. मूळ आलेख कागद घरी ठेवा, अर्जाला त्याची प्रत लावा. सहा महिन्यांनी त्याच जागेवरून, त्याच दिशेने पुन्हा तेच फोटो घ्या. एखादी फरशी चार बोटं सरकली असेल तर ती फक्त या जोडीतच दिसेल.